तुझे चार शून्य

प्रिय बाबा,

शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. सांग, तुला किती दुखत होतं?

हा प्रश्न मी तुला वर्षभरात चार वेळा फोनवर विचारला. चारही वेळा तू उत्तर दिलंस, मी ते कागदावर उतरवलं आणि खाली सही केली. पण आज मला कुणी हेच विचारलं, तर मला उत्तर येत नाही. तुला पुन्हा विचारायचीही सोय नाही. माघात गेलास, तोही कसा, हातातला चहाचा कप खाली ठेवून दहा मिनिटांत. डॉक्टर म्हणाले, हृदय. तुझ्या हर्नियाच्या ऑपरेशनाशी त्याचा काही संबंध नाही, हे मी तुझं ऑपरेशन करणाऱ्या आमच्या सरांना तीन वेळा विचारून घेतलंय.

आज लिहायला बसले, कारण आज सकाळी रोह्याला आमच्या हॉस्पिटलात तुझी फाइल बंद झाली. कशी बंद केली ते शेवटी सांगते. आधी तुझ्याशी थोडं भांडायचंय.

तुला तो दवाखान्यातला दिवस आठवतो का? गणपती घरोघरी गेले होते, कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि तेव्हा कुठे तू म्हणालास, आता दाखवतो. ओल्या मूर्ती साच्यातून काढून उचलून-उचलून तुझ्या जांघेत ती गाठ केव्हाची आली होती! पण आधी मूर्ती, मग माणूस, हा आपल्या गावातल्या सगळ्याच कारखान्यांचा नियम.

सरांनी तुला सगळं समजावलं. आत एक जाळी बसवतात. ती टाक्यांनी शिवली तर माणसाला नंतर कमी दुखतं, की वैद्यकीय डिंकानं चिकटवली तर, एवढंच आम्हाला शोधायचं होतं. दोन्ही पद्धती चालू आहेत. पण हर्निया बरा झाला तरी काहीजणांना वर्षभर कळ राहते, आणि ती कशानं टळेल हे अजून कुणाला नीट ठाऊक नाही. सर नेहमी म्हणतात, असली संशोधनं शहरातल्या लोकांवर होतात. धाटावच्या कंपनीत पिंपं ढकलणाऱ्याला, मिठागरात टोपल्या वाहणाऱ्याला कुणी विचारलंय? म्हणून तर आपलं रोह्याचं छोटं हॉस्पिटल त्या संशोधनात घुसलं. आणि म्हणून तर मी तिथे, पेशंटांना फोन करून विचारायच्या नोकरीला लागले.

संमतीच्या कागदावर सही करायच्या वेळी सरांनी मला बाहेर उभं केलं. मुलगी समोर असली की माणूस नाही म्हणू शकत नाही, असं ते म्हणाले. तू बाहेर आलास तो हसत. टाके की डिंक, मला काय लावणार, असं तू विचारलं होतंस. सर म्हणाले, ते बंद पाकिटात आहे. तुम्हाला कळणार नाही आणि मलाही ऑपरेशनाच्या टेबलावरच कळेल. एस.टी. स्टँडपर्यंत तू तेच घोळवत होतास.

"म्हंजे माज्या पोटात काय हाय ते फक्त पाकिटाला ठाव!"

त्याच दिवशी सरांनी मला सांगितलं होतं, की बाबांचे फोन तू करू नकोस, सिस्टरांना दे. मी 'हो' म्हणाले आणि दिले नाहीत. सिस्टरांना वेळ नसतो, हे मी सरांना दिलेलं कारण. खरं कारण हे, की कामाच्या वेळात तुझा आवाज ऐकायला मला आवडायचं. बाकी वेळी फोन केला की तू दोन मिनिटांत आईकडे द्यायचास. हा फोन मात्र तू पूर्ण बोलायचास. साहेबाचा फोन यावा तसा!

पहिल्या फोनला मी फॉर्मवर लिहिलंय तसं 'तुम्हाला' म्हणाले, तर तू केवढा हसलास. "मी कोन गो? तुजा पेशंट?" म्हणालास. मीही हसले. मग फॉर्म बाजूला ठेवून आपल्या नेहमीच्या भाषेत विचारलं. आणि तू ठणकावून सांगितलंस, "शून्य. लिव."

तिसऱ्या महिन्यात शून्य. सहाव्या महिन्यात शून्य. वर्षानं शून्य.

मी किती खूश होते, बाबा! शून्य लिहिताना तो जरा जास्तच गोल काढायचे.

मग चैत्रात आईनं मला रविवारी पेणला घरी बोलावून घेतलं. मूर्तींचे डोळे आखायला हमरापूरहून नवा माणूस येणार होता आणि त्याला तुझी जागा मोकळी करून द्यायची होती. मी तुझे ब्रश गोळा केले. तुझा पाट शोधला, तर तो फळीच्या मागे उभा होता, त्यावर प्लास्टरची धूळ बोटभर. तीस वर्षं ज्या पाटावर मांडी घालून तू गणपतीचे डोळे काढलेस, त्यावर धूळ? आणि तुझ्या जागेवर उंच टेबल, त्यावर चार विटा एकावर एक, त्यांवर फळी, फळीवर मूर्ती टेकवायची चिंध्यांची गोल वळी. माणूस उभा राहिला की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी.

मी आईला विचारलं, हे काय? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ऑपरेशनापासनं त्यांना मांडी घालवतच नव्हती.

"मग मला का नाही सांगितलंत? मी विचारत होते ना?"

"तू कुठं विचारत होतीस गो," आई म्हणाली. "तू म्हनायचीस, बाबा, दुखत नाय ना? एवढ्या आनंदानं म्हनायचीस. त्यावर बापानं काय सांगायचा?"

बाबा, मी तिथे त्या विटांपाशीच खाली बसले.

खरं होतं. फॉर्मवर लिहिलंय, 'तुम्हाला किती वेदना होतात?' प्रशिक्षणात आम्हाला दहादा बजावलं होतं की लिहिलंय तेच आणि तसंच वाचा. आणि मी काय विचारत होते? "दुखत नाही ना?" आपण आजारी माणसाला असंच विचारतो. माया असली की असंच तोंडून निघतं. पण त्या 'नाही ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं, हे मला पदवी घेऊनही कळलं नाही.

आता तुझ्याशी भांडण. तू का नाही सांगितलंस? आईला म्हणे तू कारणही दिलं होतंस. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या भाजीला नावं ठेवत नाय. डॉक्टरानं एवढं केलं, पोरगी तिथं कामाला, आणि आपण दुखतं म्हणून सांगायचं? अरे, पण हे जेवण नव्हतं! मी तुला सांगितलं होतं ना, तुझं खरं उत्तर पुढच्या माणसाच्या कामाला येणार आहे? तू मान डोलावली होतीस. पुढच्या माणसापेक्षा तुला तुझी मुलगी मोठी वाटली. यासाठी मी तुझ्यावर रागावू तरी कशी?

आणि मग माझ्या लक्षात दुसरीच गोष्ट आली. मी काय फक्त तुलाच असं विचारलं होतं? रोह्याच्या सगळ्या पेशंटांचे फोन माझेच होते. सगळ्यांशी मी गोड बोलायचे आणि सगळे मला 'बरा हाय' म्हणायचे. सर कौतुकानं म्हणायचे, आपले पेशंट किती छान बरे होतायत!

पुढचे तीन दिवस मी गप्प राहिले, हेही तुला सांगते. कुणालाच कळलं नसतं. पहिली नोकरी, घरातली पहिली पदवी, सरांचं एवढं मोठं स्वप्न, सगळं माझ्या एका शब्दावर टांगलेलं होतं. चौथ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सांगितलं. विटांचंही सांगितलं.

रोह्याची सगळी उत्तरं संशोधनातून बाद होऊ शकतात, हे सरांच्या माझ्या आधी लक्षात आलं. मग त्यांनी भलतंच विचारलं. मांडी घालता येत नव्हती? मी म्हटलं, हो. तेव्हा फॉर्म उलटसुलट बघून म्हणाले, "हे यात कुठे विचारलेलंच नाही. फॉर्म लिहिणारे खुर्चीवर बसतात."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. पण फोनचं काम त्याच दिवशी माझ्याकडून गेलं. सरांनी संशोधन चालवणाऱ्यांना सगळं कळवलं, आणि संशोधनाच्या दुसऱ्या केंद्रातल्या एका मुलीनं रोह्याच्या पेशंटांना पहिल्यापासून पुन्हा फोन केले. जसं लिहिलंय तसं वाचून, शेवटी एक प्रश्न वाढवून: जमिनीवर मांडी घालून बसता येतं का? आधीची उत्तरं धरायची की नाही, हे अजून ठरायचंय. माझी नोकरी आहे. सध्या फाइली लावते.

त्या आठवड्यात खाडीकडच्या मिठागरवाल्या काकांचा मला फोन आला. तुझ्याच महिन्यात त्यांचं ऑपरेशन झालं होतं, वॉर्डात तुम्ही पत्ते खेळायचात. आवाज दबका होता.

"पोरी, कोन नवीन बाई विचारत होती. मी सहा सांगितला. तुला काय तरास नाय ना व्हनार?"

मी म्हटलं, काका, सहा असेल तर सहाच सांगायचं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्षभर तो माणूस सहा अंगावर काढत मला शून्य देत होता.

जिवंत माणसांना पुन्हा विचारता आलं. राहिलास तू. तुझ्या शून्यांचं काय करायचं? सर म्हणाले, जे माहीत आहे तेवढंच लिही, जे माहीत नाही ते लिहू नकोस. ज्यानं पाहिलं त्याची सही घे. पाहणारी आई. म्हणून शनिवारी पेणची गाडी पकडली.

आईनं ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मेलेल्या मानसाला खोटा पाडतेस?"

तुझा पाट मध्ये पडलेला. मग मी म्हटलं, आई, ते खोटे होते असं मला लिहायचं नाही. ते कसे उभे राहायचे, ते लिहायचंय. नाहीतर कागदावर ते आयुष्यभर आरामात बसलेले राहतील.

आई उठून आत गेली. मला वाटलं संपलं. पाणी पिऊन आली, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर बसून सांगू लागली. "लिव. भिंतीला पाठ लावून उभे राह्यचे. मोठी मूर्ती असली न वाकायला लागला, का दात चावायचे. जेवायला खाटेवर बसायचे. पंगतीला जायाचे बंद झालेले." मी लिहीत होते. तुझ्याबद्दलची एवढी माहिती चार फोनांत मला एकदाही मिळाली नव्हती.

शेवटी मी विचारलं, आई, अंदाजे आकडा किती टाकू?

"आकडा टाकू नको," ती म्हणाली. "तो त्यांचा त्यांना ठाव." आणि सही केली. शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर सुटं.

तुला एक गंमत आठवते? तू मला विचारलं होतंस, तुमच्या कागदावर चूक झाली तर काय करता? मी म्हटलं, खोडायचं नाही, पांढरा लावायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. तू म्हणालास, आमच्यात डोळा चुकला तर पांढरा मारून परत काढतात, नाहीतर गिऱ्हाईक घेईल का? मी म्हटलं, आमचं गिऱ्हाईक चूक बघूनच विश्वास ठेवतं. तेव्हा तू म्हणालास, कठीन धंदा हाय तुमचा.

आहे, बाबा. पण मी तो सोडणार नाही. तुला शब्द देते: यापुढे कुठल्याही दुखणाऱ्या माणसाला मी 'नाही ना' म्हणून विचारणार नाही. विचारीन आणि गप्प राहीन, त्याला हवा तेवढा वेळ. आईलासुद्धा. परवा तिला विचारलं, आई, तुला कसं वाटतं गं? आणि थांबले. खूप वेळानं ती बोलली. काय बोलली ते तुला कधीतरी वेगळं लिहीन.

आज सकाळी सरांच्या टेबलावर तुझी फाइल उघडली. आईचा कागद मागे लावला. चार शून्यांवर चार आडव्या रेघा मारल्या, बाजूला लिहिलं, 'प्रश्न मुलीने विचारला, तोही लिहिल्याप्रमाणे नाही. खरं उत्तर माहीत नाही.' तारीख घातली, सही केली. खाली सरांनी केली. तुझे शून्य अजून वाचता येतात.

डोळ्याची रेघ मारताना श्वास धरायचा, असं तू शिकवलं होतंस. मी धरला. हात हलला नाही.

तुझीच,
दर्शू