माझा अंगठा मोजू नका

सौ. वहिनींना,

तुम्ही मोठ्या, म्हणून नमस्कार आधी, राग मागून. दादाची कंबर, तुमचं पित्त, सगळं ठीक आहे असं धरून चालते, कारण विचारलं तर तुम्ही पानभर सांगाल. मोबाइलवर लिहिलं की अख्खं खानदान वाचतं, म्हणून हा कागद, मुलीकडून लिहून घेतलेला. काम आईच्या घराचं आहे, पण आधी माझ्या गच्चीचं ऐका, नाहीतर डोक्यात शिरायचं नाही.

मी हॉटेलच्या चादरी धुते आणि इमारतीच्या गच्चीवर वाळत घालते, हे तुम्हाला माहीत आहेच. परवा ओल्या चादरींचा टब घेऊन धापा टाकत वर गेले, तर दाराला हे भलंमोठं कुलूप! तशीच उतरले सेक्रेटरीच्या दारात. तो तोंडात ब्रश धरून म्हणतो कसा, "अहो ताई, ग्रुपवर ठरलं ना, गच्ची बंद. पहिला अंगठा तुमचाच!"

घ्या! आता चौथीनंतर मी शाळेचं तोंड बघितलं नाही, आणि हा माणूस लिहितो निबंध. हात साबणात, वाचत कोण बसतंय? सकाळी सुप्रभातची फुलं आली, ठोक अंगठा. कुणी वारलं, ठोक अंगठा (त्यावरून एकदा बोलणी खाल्ली). मला वाटायचं, माझ्या अंगठ्याला कुत्रं विचारत नाही. पण समोरचा शिंपी तोंडावर म्हणाला, "तुम्ही हो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? दारात येऊन भांडता तुम्ही." म्हणजे मी न वाचता हो म्हटलं, मला भिऊन शिंप्याने, शिंप्याकडे बघून वरच्या शिक्षिकाबाईंनी (त्यांची लोणच्याची बरणी अजून गच्चीवर अडकलीय), आणि गच्ची गेली. बंद कुणालाच नको होती! सेक्रेटरीने तर नुसतं विचारलं होतं.

मग काय, चादरी घातल्या जिन्याच्या कठड्यावर, वरपासून खालपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर फटाफट. संध्याकाळी ग्रुपवर प्रश्न आला, गच्ची उघडायची का? (या खेपेला मुलीकडून वाचून घेतलं.) एकाचा अंगठा हलेना, सगळे माझी वाट बघत बसलेले. बसा म्हटलं. सेक्रेटरी किल्ली घेऊन दारात आला, तेव्हा मी अंगठा दिला, मागोमाग टपाटप सगळ्यांचे. किल्ली आता माझ्याकडेच असते.

पोरांना पापे, दादाला म्हणावं वाकू नकोस.

तुमची नणंद

ता. क. मग आपल्या घरच्या ग्रुपवरचंही वाचून घेतलं. आईचं घर विकून तिला महिनामहिना सगळ्यांकडे फिरवायचं का, असं दादाने विचारलंय, आणि पहिला अंगठा माझाच. मागे सगळ्या भावंडांची रांग. वहिनी, तो अंगठा मोजू नका. आधी आईला विचारा. तिचा फोन बटणांचा, ती ग्रुपवर नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी मीच आईला फोन केला. म्हणाली, "तू हो म्हणालीस असं कळलं, मग मी कशाला बोलू? भांडी बांधून ठेवलीत." भांडी सोडायला सांगा. नाहीतर चादरी घेऊन तुमच्या जिन्यात येते.