अर्ध्या गाडीची वाटणी

लिहून ठेवणार: इंद्रभान अर्जुनराव लहाने, वय बावन्न, धंदा वार्ताहर व नावापुरती शेती, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा.

कारणे हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो. शुद्धीबद्दल कोणास शंका आल्यास त्याने माझी पत्नी सोजराबाई हिला विचारू नये. तिचे मत लग्नाच्या वर्षापासून प्रतिकूल आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नीचा आहे, पण तो नेहमीचाच असल्याने कायद्याने तो धरू नये.

लिहिण्याचे निमित्त असे की पोटात गाठ आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी ती हाताने चाचपली आणि बोलताना माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. वार्ताहर असल्यामुळे बातमी मला तेवढ्यावरून कळली.

पहिले: राहते घर, विहिरीकडचा मळा आणि पोस्टातली शिल्लक ही सर्व सोजराबाईची. आम्हांस मूलबाळ नाही. तेव्हा हक्क सांगायला कोणी आल्यास तो बंधूंचाच मनुष्य समजावा.

दुसरे: धाकटे बंधू पंजाबराव यांस मी दोन शेतांमधला बांध देतो. तो त्यांनी आधीच, वर्षाला वीतभर या गतीने, आमच्या बाजूस सरकवून घेतलेला आहे. दात्याचे पुण्य तेवढे मला मिळावे म्हणून येथे नोंदवतो. त्यांनी मयतीला यावे, मोठ्याने रडू नये. त्यांना ते जमत नाही.

तिसरे: संस्कृत पोथ्या भगवंतराव मास्तरांना. पैठणच्या पाठशाळेत मी न्यायशास्त्र शिकलो आणि कुणब्याच्या पोराला गावाने 'शास्त्री' म्हणून चिडवले. चिडवता चिडवता ते नाव झाले. पोथ्यांचा मला उपयोग एकदाच झाला, आणि त्या वादातही मी हरलो. ते पुढे येईल.

चौथे कलम छायाचित्रांचे. ज्या गाड्यांना शहरात पिकअप म्हणतात आणि आमच्याकडे 'अर्धी गाडी', त्यांच्यामागे मी उमेदीची वर्षे घातली. कोण्या जमीनदाराची जुनी मोटार घ्यायची, पुढची बैठक ठेवून मागचे सगळे कापायचे आणि तिथे सुताराकडून सागवानी पेटी बसवायची. पुढून मोटार, मागून छकडा. नृसिंहाच्या मूर्तीत तरी याहून वेगळे काय आहे? नांदुऱ्याला एका गाडीची दारे म्हणजे किराणा दुकानाच्या जुन्या फळ्या होत्या. लोणारकडे लष्करी लिलावातली एक डॉज होती. तिच्या टपाला बंदुकीसाठी ठेवलेले भोक तसेच होते आणि पावसात मालक त्यातून छत्री बाहेर काढून बसे. मी अशा गाड्यांसमोर उन्हात तासन्‌तास उभा राहिलो आहे. देवळासमोर इतका कधी राहिलो नाही.

ही चित्रे मी माझ्या दैनिकाकडे पाठवली. संपादकांनी परत करताना लिहिले, "आपल्या जिल्ह्यात माणसे राहत नाहीत काय?" मग ती ट्रंकेत गेली. ट्रंकेवर कौले गळत होती, हे दोन पावसाळे कोणाच्या लक्षात आले नाही. आता निगेटिव्ह एकमेकांस चिकटल्या आहेत. सोडवायला गेले की चित्र सुटते आणि हातात नुसती साल येते. गाड्या तर केव्हाच भंगारात गेल्या. म्हणजे त्या होत्या याला माझ्या डोळ्यांखेरीज पुरावा नाही, आणि तेही आता फार दिवस नाहीत. सोजराबाई म्हणते, "ज्वारीवर टांगा त्या पट्ट्या, पाखरं तरी भितीन." तसेच करावे.

पाचवे: अंगणातली माझी स्वतःची शेवरोलेट. ही नांदुऱ्याच्या भंगारवाल्याकडून मी सोडवून आणली. इंजिन कायमचे बसलेले आहे. पेटीत कोंबड्या अंडी घालतात. पत्नी तिला 'माही सवत' म्हणते आणि पाहुण्यांनाही तशीच ओळख करून देते. या गाडीसाठी जिल्ह्यात एकच दावेदार आहे: डोणगावच्या गोजरबाई राऊत.

गोजरबाईंचा मळा आहे. नवरा वारल्यावर भाऊ कडूबा गाडी चालवतो, त्या शेजारी बसतात आणि वांगी-मिरची मेहकरच्या बाजाराला नेतात. त्यांची अर्धी गाडी माझ्या गाडीची जुळी बहीण आहे. एकाच घरच्या दोन मोटारी, एकाच सुताराने कापलेल्या. पण तिच्या पेटीच्या कडेला त्याने वेल कोरला आहे आणि दोन्ही कोपऱ्यांवर मोर. इतकी देखणी वस्तू मी या मुलखात पाहिली नाही, आणि ती रोज वांगी वाहते. मला तिचा एक फोटो हवा होता. पहिल्यांदा गेलो तेव्हा गोजरबाई गाडीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"शास्त्रीबावा, फोटू नाई."

"काऊन?"

"तुमी फोटू काढला का गाडी भंगारात जाते. मेहकरची गेली का नाई?"

"गेली."

"लोणारची?"

"तीही गेली."

"मंग?"

मी त्यांना काकतालीय न्याय सांगितला. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच वेळ आली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. शिवाय म्हटले, "बाई, मी जातोच मरायला टेकलेल्या गाड्यांकडे. तरणीताठी गाडी पाहायला कोण जातो?"

गोजरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे माही मरून राह्यली, असं म्हन्ता?"

पाठशाळेत याला उत्तर शिकवलेले नव्हते. कडूबा रेडिएटरमागे तोंड लपवून हसत होता.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची गिअरपेटी बोलू लागली. कडूबा अमडापूरला आला, माझ्या गाडीखाली घुसला आणि कोंबड्यांच्या विष्ठेने माखून बाहेर आला. "शास्त्रीबावा, हिची गिअरपेटी जित्ती आहे. आमाले द्या. आमची नदीनंतरच्या चढाले जागीच उभी राह्यते. बंद पडली तं माही बहीन डोक्यावर टोपली घेऊन मेहकरले जाईन."

मी म्हटले, गाडी उघडायची म्हणजे माझी संपली. देतो, पण एक फोटो काढू द्या. कडूबा निरोप घेऊन गेला आणि उत्तर घेऊन आला: "ढकलत नेईन, पन फोटू नाई."

तेथेच सौदा थांबला. जाताना कडूबाने गंमत म्हणून माझाच कॅमेरा घेऊन मला माझ्या गाडीशेजारी उभे केले आणि बटण दाबले. त्यानंतर गाठ निघाली. मी अजूनही काकतालीय न्यायावरच उभा आहे; फक्त गोजरबाईंच्या बाजूला उदाहरण एक वाढले, हे नाकारता येत नाही.

या मृत्युपत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की शेवरोलेट गोजरबाईंना द्यावी, मात्र माझ्या पश्चात भगवंतराव मास्तरांनी डोणगावास जाऊन त्यांच्या गाडीचा एक फोटो काढावा. सोजराबाई निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी वाचून दाखवले. तिने सूप खाली ठेवले.

"मेल्यावरबी सौदा करता जी? आन्‌ पाह्यनार कोन तो फोटू?"

मी रात्रभर याचे उत्तर शोधले. सापडले नाही. मी नसणार. संपादकांना माणसे हवीत. ट्रंक गळते. आणि अट मान्य करून गोजरबाईंनी गिअरपेटी घेतलीच, तर त्या चढावर गाडी जराशी कुरकुरली की त्यांना तो फोटो आठवेल आणि त्या सीटची कड घट्ट धरतील. देखणेपणाची नोंद व्हावी म्हणून मी जन्मभर धडपडलो. एकही नोंद राहिली नाही. आता त्यांची ही एक गाडी उरली आहे, ती नोंदीवाचूनच उरली आहे.

म्हणून खर्डा फाडला. सहावे आणि शेवटचे कलम असे:

माझी शेवरोलेट संपूर्ण, गिअरपेटीसह, डोणगावच्या गोजरबाई राऊत यांना देत आहे. कडूबाने ती हवी तशी उघडावी. कोंबड्या सोजराबाईच्या. अट कोणतीही नाही.

तसेच मी येथे प्रतिज्ञेवर लिहितो की गोजरबाईंच्या गाडीचे छायाचित्र मी काढलेले नाही. समोरून नाही, पाठीमागून नाही, मेहकरच्या बाजारात गर्दीआडून नाही, एसटीच्या खिडकीतूनही नाही. संधी पुष्कळ आल्या. मरणाऱ्याच्या शब्दाला कोर्टातही वजन असते. हे कलम मास्तरांनी डोणगावास जाऊन गोजरबाईंना वाचून दाखवावे, आणि त्यांनी गाडीत निर्धास्त बसावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, बरोबर आहे.

सही: इंद्रभान अर्जुनराव लहाने

आमच्यासमक्ष सही केली:

१. भगवंतराव रामराव म्हस्के, निवृत्त शिक्षक, अमडापूर. (डोणगावास जाण्याचे कबूल.)
२. उकंडराव किसनराव शेळके, शेतकरी, अमडापूर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम अमडापूर, दिनांक ८ डिसेंबर १९६८.