लाल काठाची शाल

३ जून

आज सकाळी सगळे नदीवर निघाले, तेव्हा मी आईची शाल शर्टाच्या आत कोंबली. लाल काठाची. कुणी पाहिलं नाही.

आई जाऊन पाचवा दिवस. आमच्याकडे या दिवशी गेलेल्या माणसाचे सगळे कपडे नदीत धुतात. पोटच्या लेकरांनी हात लावायचा नाही, जावयाने धुवायचे. हिलारिओ दाजी गुडघाभर गार पाण्यात उभे. आईचे घागरे, स्वेटर, चुलीजवळची फडकी दगडावर आपटत होते. मी आणि बहीण काठावर. माझ्या पोटाशी शाल. तिला धुराचा वास— दुसरा कसलाच नाही.

"लाल काठाची शाल कुठाय?" दाजींनी विचारलं.

"सापडत नाही."

"नीट शोध रे अनिसेतो. एक कापड मागे राहिलं, तरी माणूस वाटेवरून परत फिरतो."

फिरू दे!

४ जून

काल झोपताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी राख पसरली होती. आत्मा निघाला की राखेत पावलं उमटतात म्हणतात. सकाळी शेजारच्या बासिलियामावशीने वाकून पाहिलं. चुलीपाशी पाळलेल्या गिनीपिगाची पावलं!

"अगं बाई! तुझी आई सातुर्निना चार पायांवर कधी चालायला लागली?"

सगळे हसले. मावशी हसता हसता रडायला लागली. मला दोन्ही जमलं नाही. पावलं आत येणारी होती. चुलीकडे.

७ जून

प्रार्थना होत नाही. चर्चची घंटा मीच वाजवतो, मेणबत्त्या मीच लावतो. 'तुझी इच्छा पूर्ण होवो'पाशी जीभ अडते. त्याची इच्छा पूर्ण झाली की! अजून काय म्हणायचं?

९ जून

खाली कुस्को शहरातल्या दवाखान्यातला तो तरुण डॉक्टर आठवतो. आईच्या छातीचा फोटो उजेडात धरून म्हणाला, "आजी, किती वर्षं सिगारेट ओढताय?"

आई खोकत हसली. "मी नाही रे बाळा, चूल ओढते. मी नुसती शेजारी बसते."

बऱ्याच वर्षांपूर्वी वरच्या वस्तीतली एक मुलगी शाळेत चक्कर येऊन पडली होती. उपाशीपोटी डोंगर उतरून आलेली. दुसऱ्याच दिवशी आईने आमच्या स्वयंपाकघरात शाळेतल्या पोरांसाठी मोठं पातेलं चढवलं. प्रत्येक पोराने येताना एक लाकूड आणायचं, आयांनी घरात असेल ते द्यायचं— बटाटे, बार्ली, मूठभर मीठ. तेव्हापासून हेच. पहाटे मेंढ्या, मग शेत, मग पातेलं. चालतानाही हातात टकळी. कुणी नेमली नव्हती तिला. मी चर्चमध्ये रेंगाळलो की म्हणायची, "देव थांबेल, त्याला भूक नसते. चल, लाकडं फोड."

मी फोडली. तीच लाकडं.

खोलीला ना खिडकी, ना धुराडं. थंडी शिरू नये म्हणून दारही बंद. त्या पातेल्याने माझी आई खाल्ली. मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आहे. मी असेपर्यंत तिथे चूल पेटणार नाही.

१४ जून

बासिलियामावशी किल्ली मागायला आली. "पोरं दुपारची शाळेच्या भिंतीला टेकून बसतात रे. मास्तर त्यांना पाणी प्यायला सांगतो."

"त्या पातेल्याने तिला खाल्लं, मावशी."

"पातेल्याने? अरे, त्या खोलीने! मीही तिथेच बटाटे सोलत होते ना? माझा खोकला ऐकलास कधी?"

जाताना म्हणाली, "एवढी घंटा बडवतोस, कानांनी दगा दिलेला दिसतोय!"

मग गल्लीच्या टोकापर्यंत तिचा खोकला ऐकू येत राहिला. आईसारखाच.

१८ जून

शालीचा धुराचा वास विरत चाललाय. आता माझ्याच घामाचा येतो. हेही गेलं.

२४ जून

संत जुआनचा सण. मेंढ्यांच्या कानांना रंगीत लोकर बांधतात. ते काम आईचं. मी बांधली, एकीचीही नीट बसली नाही.

परत येतो तर बंद दारापाशी लाकडं. पोरं शाळेत जाताना एकेक ठेवून जातात— कुणी सांगितलं नाही, कुणी थांबवलंही नाही. ढीग कुलपापर्यंत आलाय. ओट्यावर बसून राहिलो. आई असती तर एवढंच म्हणाली असती— फोड.

२६ जून

सकाळी पहार घेतली आणि स्वयंपाकघराची अंगणाकडची अख्खी भिंत पाडली. बासिलियामावशी धावत आली, "वेड लागलं का रे!" मी चूल पेटवली. धूर सरळ आभाळात गेला. मावशी बघत राहिली, मग खाली बसून बटाटे सोलू लागली.

शाल दाजींना दिली. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि नदीकडे निघाले. मी गेलो नाही. पातेलं ढवळायचं होतं.