आईची साक्ष

मानवत,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनिषा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझी नाइट ड्यूटी बदलली का? इकडे आम्ही बरे आहोत. जिनिंग मिलवर कापूस अजून येतो आहे, वजनकाट्यावर दिवसभर उभं राहून पाय दुखतात. तुझ्या वहिनीचा खोकला गेला.

आईची स्मरण उपासना २३ तारखेला, रविवारी ठरली आहे. चाळिसाव्या दिवशी व्हायची ती अकरा महिन्यांनी होते आहे. तू फोनवर विचारायचीस तेव्हा मी कधी पाळकसाहेब गावाला गेलेत म्हणालो, कधी सीझन संपू दे म्हणालो. पाळकसाहेब इथेच होते. मागच्या महिन्यात तर त्यांनी मला चर्चच्या दारातच धरलं. "रंगनाथ, आता काय न्यायाच्या दिवशीचा शेवटचा कर्णा वाजायची वाट बघायलास का?" सगळे हसले. मीही हसलो.

खरं कारण फोनवर सांगता येत नव्हतं, म्हणून लिहितो. जाण्याच्या आठ दिवस आधी आई म्हणाली, "रंग्या, मी गेल्यावर उपासनेत माझी साक्ष मनीला द्यायला सांग, मी कशी जगले ते तिला बोलू दे. तुला काय बोलता येतंय? मूग गिळून बसतूस." मी बरं म्हणालो. आणि तुला सांगितलं नाही. उपासनाच झाली नाही तर सांगावं लागणार नाही, असं मनात धरून बसलो.

मनिषा, मला तुझा हेवा वाटतो. तू वर्षातून दोनदा यायचीस, नाताळला आणि मे महिन्यात. तू आणलेला स्वेटर ती उन्हाळ्यातही पायावर घ्यायची. दोन वर्षं तिचं सगळं अंथरुणात होतं आणि ते मी आणि तुझ्या वहिनीने केलं. शेवटी शेवटी मी पेज भरवायचो तर ती मलाच "मनी" म्हणायची. "मनी, लय गरम हाय गं." मी फुंकर घालून द्यायचो. रंग्या आहे, असं एकदाही म्हणालो नाही.

हे मी पाळकसाहेबांना सांगितलं. वाटलं रागावतील. ते म्हणाले, "रोज प्रार्थना झाली की काय मिळालं त्याची एक ओळ लिही. नाही मिळालं ते देवाला माहीत आहे. आणि राहिलेलं एक काम त्याच दिवशी कर."

पहिले दोन दिवस काहीच सुचलं नाही. मग लिहिलं, तिची नखं मी कापली. दुसऱ्या दिवशी, ती शेवटचं हसली तेव्हा समोर मी होतो. अशा नऊ ओळी झाल्या. रोज एक काम उरकायलाही लागलो, तिचे कपडे वाटले, कबरीवरचं गवत काढलं. उपासनेचं मात्र राहू दिलं. बाराव्या दिवशी ओळी वाचल्या आणि लाज वाटली. तुला जे मिळालं नाही, तेवढंच शोधून शोधून मी लिहिलं होतं. देवाचे आभार मानतानाही तुझ्यावर जळत होतो.

त्या दिवशी प्रार्थनेत "प्रभू, मला उठव," एवढंच म्हणालो. उठलो आणि तसाच जाऊन पाळकसाहेबांना तारीख आणि साक्षीसाठी तुझं नाव देऊन आलो. आज ती उपासनेत जाहीर झाली, साक्ष देणाऱ्यात तुझं नाव वाचलं गेलं. ऐकताना पुन्हा तुझा हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

शनिवारीच ये. शेवटची दोन वर्षं तुला माहीत नाहीत, ती मी सांगेन. साक्षीत माझं नाव यावं असं मला फार वाटतं. पण ते तू माझ्या सांगण्यावरून घेऊ नकोस. आईने तुला निवडलं आहे, तुला वाटेल ते बोल. मी पुढच्या बाकावर बसेन.

रागावून आलीस तरी चालेल, पण ये.

तुझा निरोप अकरा महिने अडवून ठेवलेला,
दादा
रंगनाथ