शकूच्या हातचा चहा

शकूच्या बाबांस,

दोन्ही पोरांना घेऊन मी रोह्याला बहिणीकडे चाललेय. भाकऱ्या टोपलीत हायत. म्हशीला पाणी दाखवा.

काल आलेले पाव्हणे तुमच्या कंपनीतले म्हणालात, म्हणून मी पोहे केले आणि शकूलाच चहा घेऊन बाहेर पाठवली. आज सरूवहिनींकडून कळलं, तुम्ही देवळात त्यांच्यासोबत शकूच्या लग्नाची सुपारी फोडून आलात. पोरगी नववीत हाय. दहावी झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढणार नाय, हा शब्द तुमचाच होता. म्हशीचा सौदासुद्धा कोणी असा चोरून करत नाय.

न्यायला येऊ नका, मी दार उघडणार नाय.

शकूला अजून काही सांगितलं नाय. पाव्हण्यांना चहा आवडला का, असं ती सकाळपासून विचारतेय.