छाती उघडली आणि नुस्ते बंद झाले

आमोणे, १२ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप सुलोचनाताईस धाकट्या अनंताचा साष्टांग नमस्कार, तोही तूर्त कागदावरच, कारण आठ अंगांतली छाती सध्या तारेने शिवलेली आहे. भावजींचा गुडघा काय म्हणतो? फोंड्याच्या थंडीत त्यांना पहाटे देवळात पिटाळू नकोस.

माझं बरं चाललंय. बायपास होऊन अडीच महिने झाले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, चाला, तेल-खोबरं कमी करा, विडी विसरा आणि मासे खा, फक्त तळून नको. ताई, त्या देवमाणसाच्या तोंडून मासे हा शब्द ऐकला आणि अर्धं दुखणं तिथंच पळालं. पण मी आत टेबलावर बेशुद्ध पडलेलो असताना तुम्ही बायकांनी माझा परस्पर सौदा करून ठेवलेला! बाहेरच्या बाकावर बसून चंद्रावतीने सातेरीला नवस बोलला, की नवरा पायांनी घरी आला तर तो वर्षभर नुस्त्याला, मासळीच्या तुकड्यालाही, शिवणार नाही. तू तिकडे देवळात माझं लोटांगण बोललीस. (टाके घातलेला माणूस देवळाभोवती गडगडत न्यायचा, हे सुचलं तरी कसं तुला?) ज्याची छाती त्याला कोणी विचारलंच नाही.

चालणं मात्र नेमाने करतो. रस्त्यावर पाळी गावच्या खाणीचे खनिजाचे ट्रक, म्हणून शेताच्या बांधावरून जातो. पण गाव चालू देईल तर ना! शेजारच्या बाबलीने मला शर्ट वर करायला लावून आपल्या सासूला शिवण दाखवली. (म्हातारी शिवणकाम करते. टीप वाकडी गेलीय म्हणाली.) दर घरी चहा, नको म्हटलं की राग. पहिल्या आठवड्यात चाललो अर्धा मैल आणि प्यालो सात कप. तरी सांगतो, दिवाळीत घरच्या तीन पायऱ्यांवर धाप लागायची, तो मी काल फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत आलो. परतल्यावर अंगणात उभा राहून रडलो गं. पुन्हा जगायला मिळतंय.

फक्त नुस्त्याचं तेवढं मिटव. मी देवीला कौल लावून पाहिला. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. अनंताला मासे मोकळे करतेस का? डावी पडली, म्हणजे नकार. निदान बांगडा? डावी. नुसता माशांच्या हुमणाचा रस, फोडी बाजूला काढून? यावर दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. (देवीलाही कंटाळा येतो.) तू घरात थोरली, चंद्रावती तुझा शब्द मोडत नाही. तेव्हा एकदा येऊन कौल तू लाव आणि मला सोडव.

तुझा,
अनंत

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक कबुली. आज सकाळी मासळीवाल्या भागीरथीला बांधावर गाठून म्हटलं, दोन बांगडे बाबलीकडे गुपचूप ठेव. तिने पाटीसुद्धा उतरवली नाही. म्हणाली, "बायेन तुमच्यापायीं जल्माचें नुस्तें सोडलां, आनी तुमी चोरून खातले?" मला वर्षाचं, ताई, आणि स्वतःला जन्माचं! अडीच महिने मी ताटावर बसून कुरकुरतोय, आणि जिला शिंपल्यांशिवाय, आपल्या तिसऱ्यांशिवाय, घास उतरत नाही ती गप्प भाजी वाढतेय.

आणखी ता. क. वरची विनंती रद्द. कौल लाव, पण तिच्यासाठी. तिचा जन्माचा नवस माझ्या नावावर घेतेस का, एवढंच देवीला विचार. डावी पडली तर पुन्हा विचार. आणि येताना फोंड्याच्या बाजारातून तिसऱ्यांचा एक वाटा आण. एकटीपुरताच.