ताईच्या बोटावरचा लेप

३ मार्च, सोमवार
कात्रीने कापलेला माझा अंगठा आज ठणठणीत. उपचार: हळद, मध, कोरफड. बायकोचं म्हणणं, एवढासा ओरखडा, नुसतं बघत बसलं असतं तरी बरा झाला असता. शिवाय माझ्या फसलेल्या मधमाशीपालनाची आणि अर्धवट सोडलेल्या कराटे क्लासची आठवण काढली. गरज नव्हती.
संकल्प: लाँड्रीतली फर्स्ट-एड पेटी पूर्णपणे नैसर्गिक करणे.

४ मार्च
केली. ट्यूब, जंतुनाशक, चिकटपट्ट्या कपाटामागे टाकून दिल्या. आत तीन बरण्या. ताईला विचारलं नाही. लाँड्री तिची असली तरी आरोग्य खातं माझ्याकडे आहे. खातं आजच सुरू झालं.
दिवसभर कोणालाही काही लागलं नाही. जरा निराश.

५ मार्च, दुपार
लागलं! ताईला! कपड्याला नंबराची चिठ्ठी लावायची गंजकी पिन उजव्या तर्जनीत खोल घुसली. (ओरडणं शोभलं नाही. मी आनंदाने ओरडलो असं तिला वाटलं. तसं नव्हतं. फारसं नव्हतं.)
ताई निघाली होती डॉक्टरकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला. मी थांबवलं. म्हटलं, चिल्लर टोचा आहे, तासभर काम कशाला बुडवायचं. दारातल्या कुंडीतली कोरफड टॅग कापायच्या चाकूने कापली, हळद-मधात कालवली, लेप थापला, वरून घट्ट पट्टी. ताईने मुकाट्याने हात पुढे केला.
आजवर घरात माझं कोणी ऐकलेलं नाही. ताईने ऐकलं. छाती फुलली.

७ मार्च
बोट सुजलंय. उत्तम. शरीर जागं झाल्याची खूण.
पट्टी उघडून बघू का, असं ताईने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नको, लेपाला शांतता लागते. हे मी कुठे वाचलं ते आठवत नाही. वाचलेलं असावं.

८ मार्च
ताईने न सांगता पट्टी सोडली आणि दुकानातल्या साबणाने धुतली. पट्टी लालभडक! मी सगळ्यांना दाखवली: बघा, विष बाहेर पडतंय. ताई हसून म्हणाली, अरे वेड्या, हळदीवर साबण लागला की लाल होतं, जन्म गेला आपला हे डाग काढण्यात.
मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी मी लाँड्रीवाला नव्हतो, उपचारक होतो. गिऱ्हाईकं हसली. मी मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ एकाच शर्टाला इस्त्री करत राहिलो. कॉलर करपली.
नवा लेप लावला. या वेळी दुप्पट.

१० मार्च
आसपास रफू करणारी फक्त ताई. लोक लांबून कोट घेऊन येतात, भोक कुठे होतं ते नंतर त्यांनाच सापडत नाही. सुई त्याच बोटाने धरते. आज एक कोट तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. गिऱ्हाइकाला म्हणाली, धागा मिळत नाहीये. धागा टेबलावरच होता.
मी विचारलं, ठणकतंय का? म्हणाली, नाही रे.
इस्त्री डाव्या हाताने करत होती. मला दिसलं. मी हँगर मोजायला गेलो.
संकल्प: उद्या लेपात भाजलेला कांदा.

११ मार्च
कांदा लावला. ताईने डोळे मिटून घेतले. बोट चकाकतंय, नखाच्या कडेला पिवळं. हळदीचा रंग असणार.
बायकोने जेवताना विचारलं, ताईंचं बोट कसं आहे? मी म्हटलं, फर्स्ट क्लास.
जेवणानंतर दुकानात जाऊन कपाटामागे जुनी ट्यूब शोधली. मिळाली. पण आता ट्यूब लावायची म्हणजे कबूल करायचं. परत टाकली. लाज वाटते हे लिहिताना, आणि लाज वाटते म्हणून उद्या तिला सांगणार, असं नाही. उद्या बघू.

१२ मार्च, सकाळ
ताई दुकानात आली नाही. फोन केला. अंगात ताप. म्हणाली, थंडी वाजतेय, तू उघड दुकान. लेप घेऊन येऊ का, असं मी विचारलं. खरंच विचारलं. ताई म्हणाली, आज नको, चालेल ना? माझी परवानगी मागत होती.
बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. चप्पल घातली आणि ताईला न्यायला गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च, संध्याकाळ
दवाखाना. पू आत हाडाकडे चालला होता. चीर द्यावी लागली. बोट पूर्वीसारखं वाकेल का, ते आत्ताच सांगता येत नाही म्हणे. ताईने एवढंच विचारलं, सुई धरता येईल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू.
मग त्या संतापल्या. हा चिखल कोणी थापला? ताई मान खाली घालून म्हणाली, मीच. घरात होतं ते लावलं.
बाई तिला बरंच बोलल्या. या वयात अक्कल नको का, पहिल्याच दिवशी यायला काय झालं होतं. बायको औषधं आणायला खाली गेली होती. खोलीत मीच होतो. खरं सांगायला तोंड उघडलं, अगदी उघडलं, आणि त्यातून बाहेर पडलं ते असं: मी सांगत होतो तिला.
ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.
बाईंनी विचारलं, हे कोण? ताई म्हणाली, धाकटा भाऊ. फार काळजी घेतो माझी.
बाई म्हणाल्या, नशीब, निदान घरात कोणीतरी शहाणं आहे.
मी 'हो' म्हणालो.